आधी पेढा लिहायचा की चॉकलेट?

बालमित्रांनो, आज एका पेढ्याची आणि एका कॉलेजची गोष्ट सांगणार आहे. दोघांचा काय संबंध, असं म्हणाल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण थांबा, आधी कॉलेजकडे जाऊ. पेढा कुठं पळून जात नाही.

अक्कलकोटच्या एसटी स्टँडजवळ एक शिंप्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शिलाई मशीन, एक बाकडं आणि भिंतीवर स्वामी समर्थांचं कॅलेंडर. त्या दुकानदाराची मुलगी २०१६-१७ साली माझ्या चौथीच्या वर्गात होती. घरात कानडी, शाळेत मराठी. त्यामुळं पहिले काही महिने ती बोलायचीच नाही. गणिताचा तास आला की मात्र हात पहिला वर. पाढे ती कानडीत पुटपुटायची आणि उत्तर मराठीत सांगायची!

ती २०२५ साली बारावी झाली. इंजिनिअरिंगची सीईटी दिली. निकाल लागल्यावर पेढे घेऊन शाळेत आली (हा आपल्या गोष्टीतला पेढा नव्हे बरं का, तो वेगळा). म्हणाली, "सर, ब्याण्णव पडले." तिचे वडील मागे उभे होते. त्यांना वाटलं, शंभरात ब्याण्णव मार्क.

इथं जरा थांबतो, कारण ही चूक बऱ्याच घरांत होते. सीईटीचे ते आकडे मार्क नसतात, पर्सेंटाईल असतात. ब्याण्णव पर्सेंटाईल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांमागे साधारण ब्याण्णव जण तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागे आहेत. पेपरात मार्क किती पडले, ते त्यातून कळत नाही. तुम्ही रांगेत कुठं उभे आहात, ते कळतं. आणि प्रवेशाच्या वेळी रांगच महत्त्वाची. वडिलांना मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आठ जण पुढं हायत. मग लांब न्हाई ओ सर." आता दर शंभरात आठ म्हणजे राज्यभरात किती हजार होतात, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. पेढा तोंडात होता.

पंधरा दिवसांनी वडील एकटेच आले. चेहरा उतरलेला. सोलापुरात कुणीतरी एका समुपदेशकाचं नाव सांगितलं होतं. समुपदेशक म्हणजे प्रवेशाचं मार्गदर्शन करणारा माणूस. त्यांची फी बारा हजार, त्यातले पाच हजार आधीच दिलेले. आता ते उरलेले सात मागत होते, आणि पोरगी म्हणत होती, देऊ नका. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

त्या समुपदेशकाचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी सगळंच वाईट केलं असंही नाही, हे आधी सांगायला पाहिजे. कागदपत्रांचं काम त्यांनी चोख करून घेतलं होतं. जातीचा दाखला होता, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि ते जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून आणावं लागतं, हे या घराला ठाऊकच नव्हतं. नॉन क्रीमी लेअरचा दाखला चालू वर्षाचा आहे का, डोमिसाईल काढलंय का, नावातली काना-मात्रा दहावीच्या सनदेशी जुळते का, हे सारं त्यांनी तपासलं. नावात एका ठिकाणी फरक निघाला, तो वेळेत दुरुस्त झाला. (पालकहो, मूल अकरावीत गेलं की लगेच ही कामं हातात घ्या. निकालानंतर सेतू केंद्रापुढं उभं राहून घाम गाळण्यात काही मजा नाही.)

अडचण पुढं आली. बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी राज्याचा सीईटी सेल एकत्रित प्रवेश फेऱ्या घेतो. त्याला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात. प्रत्येकानं आपल्याला हव्या असलेल्या कॉलेजांची यादी पसंतीनं एकाखाली एक भरायची. समुपदेशकांनी मुलीचा लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडं ठेवून घेतला होता. यादी त्यांनीच तयार केली आणि व्हॉट्सअॅपवर धाडली. खाली लिहिलं होतं, "ओके कळवा."

चाळीस कॉलेजं. पहिली सहा पुण्याच्या आजूबाजूची, खासगी. पहिल्या क्रमांकाच्या कॉलेजचं नाव त्या मुलीनं जन्मात ऐकलं नव्हतं. सोलापूरचं वालचंद अठराव्या ओळीत, आणि कराडचं सरकारी कॉलेज यादीतच नाही!

तिनं धीर करून फोन लावला.

"सर, हे पहिलं कॉलेज पहिलं का लिहिलंय?"

"बाळ, तिथं नक्की मिळतंय. आपली माणसं आहेत तिथं."

हे "आपली माणसं" तिच्या डोक्यात गेलं. वडिलांना म्हणाली, "पप्पा, मार्कावर मिळणार असंल तर माणसं कशाला लागत्यात?"

मुलांनो, मी प्राथमिक शिक्षक. डी.एड. झालेला. कॉम्प्युटर आणि आयटी या शाखांमध्ये फरक काय, असं मला विचारलंत तर मी खिडकीबाहेर बघीन. त्यामुळं मी वडिलांना सरळ सांगितलं की मला यातलं कळत नाही, पण वाचता येतं. संध्याकाळी तिघं माझ्या घरी बसलो. सीईटी सेलची माहिती पुस्तिका काढली आणि ती ओळीनं वाचायला लागलो. ही पुस्तिका फुकट मिळते, आणि फारच थोडे लोक ती वाचतात. भाषा अवघड आहे, कबूल. पण तिच्यात एक नियम सापडला आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

२०२५-२६ च्या प्रवेशासाठी चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत जर तुम्हाला तुमची पहिलीच पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप पक्की. तिथंच प्रवेश घ्यायचा. घेतला नाहीत तर पुढच्या फेऱ्यांत तुम्ही नाही. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंत्यांना, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना.

आता बघा गंमत. (गंमत कसली म्हणा.) जे कॉलेज नक्की मिळणार, ते पहिल्या ओळीत लिहिलं. ते पहिल्या फेरीत मिळणारच. मिळालं की दार बंद. सोलापूर नाही, कराड नाही, काहीच नाही. "सेफ" म्हणून सांगितलेली ती पहिली ओळ म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यातला खोबऱ्याचा तुकडा होती.

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण सर, ते बी म्हणायलेत ते खोटं न्हाई. आधी मोठ्ठं कॉलेज लिवलं आणि ते न्हाई मिळालं, तर मधलं बी जाईल की. तवर दुसऱ्यांनी घेतलेलं असंल."

हा प्रश्न खरा आहे. अक्कलकोटलाच नव्हे, साऱ्या जगात लोक याच भीतीनं चुकीची यादी लिहितात. मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि पोरांवरच प्रयोग केला. आता आला तुमचा पेढा!

चौथीची नऊ मुलं घेतली. टेबलावर ठेवले तीन पेढे, तीन शेंगदाण्याच्या चिक्क्या आणि तीन चॉकलेटं. प्रत्येकानं चिठ्ठीवर पसंती लिहायची, एक, दोन, तीन. मग पाढ्यांची परीक्षा घेतली आणि नंबर लावले. पहिल्या नंबराची चिठ्ठी उघडायची, त्याची पहिली पसंती शिल्लक असेल तर ती द्यायची, नसेल तर दुसरी, नाहीतर तिसरी. मग दुसऱ्या नंबराची चिठ्ठी. असं शेवटपर्यंत.

एक पोरगा सहावा होता. त्याच्या चिठ्ठीत पहिलं चॉकलेट. त्याची पाळी आली तेव्हा टेबलावर एक पेढा होता आणि दोन चॉकलेटं. मी त्याला चॉकलेट दिलं. त्याचे डोळे भरले.

"काय झालं रे?"

"सर, मला पेढा पायजे होता."

"मग लिहिला का नाहीस?"

"मला वाटलं सहाव्या नंबरापर्यंत पेढे संपणारच. मग चॉकलेट बी जाईल म्हणून आधी चॉकलेटच लिवलं."

शेजारचा लगेच म्हणाला, "काय बे तू! पेढा पहिला लिवला असतास तरी चॉकलेट दुसऱ्या नंबरला होतंच की. सर तुझी चिठ्ठी तुझ्याच पाळीला उघडणार होते."

मुलांनो, मी डी.एड.ला दोन वर्षं घालवली, पण इतकं सोपं मला सांगता आलं नसतं. रांगेत तुमचा नंबर तुमच्या गुणांवर ठरतो, तुम्ही काय लिहिलंत त्यावर नाही. तुमची पाळी आली की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जे पहिलं शिल्लक दिसेल ते देतो. तुमच्या मागच्या माणसानं तीच जागा पहिल्या ओळीत लिहिली असली तरी ती तुमच्या आधी त्याला मिळत नाही. म्हणून अवघड कॉलेज वर लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही.

हे सगळीकडे असंच चालतं असं मात्र समजू नका. अमेरिकेत बोस्टन शहराच्या शाळाप्रवेशात पूर्वी वेगळी पद्धत होती. तिथं आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या बघून जागा वाटून टाकायचे, मग उरलेल्यांत दुसऱ्या पसंत्या. त्यामुळं मोठी शाळा पहिली लिहून ती हुकली, की दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरून गेलेली. म्हणजे तिथं आपल्या शिंपीदादांची भीती अगदी बरोबर होती! पालक मनातली शाळा लपवून डावपेच करायचे, आणि ज्यांना डावपेच कळत नव्हते त्यांची मुलं मागं राहायची. २००५ साली बोस्टननं ती पद्धत बदलली. ती बदलण्यात आल्विन रॉथ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा हातभार होता. त्यामागचं गणित आणखी जुनं. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली कॉलेज प्रवेशावरच एक छोटा लेख लिहिला होता. पुढं शेपली आणि रॉथ यांना २०१२ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. गेल तोवर वारले होते. तर हा पेढ्याचा खेळ काही साधासुधा नाही, त्याच्या भाऊबंदांना नोबेल मिळालंय!

आता परत आपल्या मुलीकडे. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सगळ्यात आधी तिनं पासवर्ड बदलला. ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येत होता म्हणून बरं, नाहीतर तेही दुसऱ्याच्या हातात असतं. सीईटी सेल दरवर्षी बजावून सांगतो की लॉगिन आणि पासवर्ड कुणाला देऊ नका. आपण एटीएमचा पिन सख्ख्या मामालाही सांगत नाही, पण ज्यावर चार वर्षं ठरणार तो पासवर्ड अनोळखी माणसाला देऊन मोकळे होतो.

मग नवी यादी. इथं खरी लढाई झाली, आणि ती समुपदेशकाशी नव्हती, घरातल्या घरात होती. मुलीच्या मनात पहिलं सांगलीचं वालचंद, दुसरं कराडचं सरकारी कॉलेज, तिसरं सोलापूरचं वालचंद. (दोन्ही वालचंद वेगळी आहेत हं. सांगलीचं १९४७ सालचं. नाव एकाच माणसाचं, वालचंद हिराचंद यांचं. जहाजं, विमानं आणि मोटारी आपल्या देशात बनाव्यात म्हणून धडपडलेला हा उद्योगपती १८८२ साली आपल्या सोलापुरातच जन्मला. यादी भरताना नावावर जाऊ नका, कॉलेजचा कोड नंबर बघा. नावं सारखी आणि गावं वेगळी, असं पुष्कळ आहे.)

आईचं म्हणणं, सोलापूरच पहिलं लिहा. पोरगी डोळ्यापुढं राहील. आईचंही चूक नव्हतं. आम्ही वहीत हिशेब मांडला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास वर्ग, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ती कॅप फेरीतून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून कुणी "आपल्या माणसांनी" जागा दिली तर माफी नाही. समुपदेशकांनी मध्ये एकदा मॅनेजमेंट कोट्याचंही सुचवलं होतं, तेव्हा हे सांगितलं नव्हतं.

फी माफ झाली तरी वसतिगृह आणि खानावळ राहतातच. कराडला राहायचं तर तो खर्च. सोलापूरला रोज ये-जा केली तर एसटीचा पास. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट होता, आता पहिल्यांदाच पैसे पडणार. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला दोन तृतीयांश सवलत असते, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्सा भरायचा. वडिलांनी दोन्ही रकान्यांची बेरीज केली, पेन्सिल कानावर ठेवली आणि मशीनचं चाक फिरवावं तसा हात हवेत फिरवत बसले. मग बायकोला कानडीत काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला पूर्ण कळलं नाही. माझ्याकडं वळून मराठीत सांगितलं, "तिच्या मनातलं आधी लिवा सर. आमच्या मनातलं तिसरं चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्कलकोटची लाईट गेली. बापलेक एसटीनं सोलापूरला गेले. तिथल्या सुविधा केंद्रात एका प्राध्यापक बाईंनी यादी नजरेखालून घातली, एक कोड चुकला होता तो दाखवला. एक पैसा घेतला नाही. मुलीनं स्वतःच्या हातानं यादी पक्की केली. पुढचे सात हजार दिले नाहीत. आधीचे पाच गेले ते गेलेच.

सगळे समुपदेशक असे असतात का? नाही. आपल्याकडं चांगली उदाहरणं आहेत. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले राजू केंद्रे हे त्यांच्यातलेच. ते शिकले आपल्या अक्कलकोटपासून फार लांब नसलेल्या तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, पुढं चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये. घरात आधी कुणीच कॉलेजला गेलेलं नाही अशा मुलांना देशातल्या नामवंत विद्यापीठांत पोचवण्यासाठी त्यांनी यवतमाळमधून एकलव्य फाउंडेशनचं काम सुरू केलं. तिथं आधी शिकून गेलेली पोरंच मागच्या पोरांना अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगतात. मला यातली एक गोष्ट फार आवडते. अर्ज मुलानं स्वतः लिहायचा असतो. मोठ्यांनी शेजारी बसायचं.

आता निकाल काय लागला ते सांगतो. पहिल्या फेरीत तिला पाचवी पसंती मिळाली, पंढरपूरकडचं एक कॉलेज. पहिली पसंती नसल्यानं दार उघडं होतं. ती जागा हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट धरली. दुसऱ्या फेरीआधी यादी पुन्हा भरायची होती. माझ्या डोक्यात एक युक्ती आली. पहिल्या तिनांत काहीही मिळालं तरी ते पक्कं होणार, मग वर सांगलीच्या आणखी दोन शाखा लिहिल्या तर सोलापूर पाचवं जाईल आणि कराडची आशा तिसऱ्या फेरीपर्यंत राहील. मला माझाच अभिमान वाटला. ती म्हणाली, "नको सर. त्या शाखा मला नकोच हायत. मिळाल्या तर? आणि सोलापूर मिळालं तर मला चालतंय. मनापासून लिवलंय ते."

दुसऱ्या फेरीत सोलापूर मिळालं, तिसऱ्या ओळीतलं. तिसऱ्या फेरीत कराडला तिचा नंबर लागला असता का? मी दोन-तीन दिवस तेच आकडे उकरत बसलो होतो. तिनं एकदाही विचारलं नाही.

आता ती सकाळच्या एसटीनं जाते. वर्कशॉपला खाकी एप्रन लागतो. बाजारात तयार मिळतो, पण वडिलांनी तो दुकानात स्वतः शिवला. कॉलेजच्या कागदावर एकच खिसा सांगितला होता. त्यांनी दोन लावले. मी विचारलं, दुसरा कशाला? म्हणाले, "पासाला."

आणि तो सहाव्या नंबरचा पोरगा? शिल्लक राहिलेला तो पेढा सातव्या नंबरच्या मुलीला मिळाला होता. मधल्या सुट्टीत तिनं त्याला अर्धा दिला, आणि त्याचं अर्धं चॉकलेट घेतलं.